शिंगराला वळण कळपात लागतं: थोरल्या घोड्यांच्या सोबतीने शिंगरू कसं वाढवावं

दत्तजयंतीच्या सुमारास तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो आणि तिथून दरवर्षी कितीतरी शिंगरं एकेकटी नव्या घरी जातात. सहा-आठ महिन्यांचं, आईपासून नुकतंच तुटलेलं पोर टेम्पोतून उतरतं आणि गोठ्यात म्हशींच्या शेजारी खुंट्याला बांधलं जातं. मालक हौशी असतो. चंदीत कसर नसते, खरारा रोज होतो. तरी वर्षभरात ते शिंगरू माणसाला खांद्याने रेटायला लागतं, चावतं, दुसरं घोडं दिसलं की एक तर थरथरतं नाही तर अंगावर जातं. मग "जातच गरम आहे" असा शिक्का बसतो. माझ्या मते यातल्या बहुतेक शिंगरांच्या जातीत काही खोट नसते. त्यांना वेळेवर थोरलं घोडं भेटलेलं नसतं, एवढंच.

खाणं, औषध, निवारा माणूस देऊ शकतो. दुसऱ्याच्या किती जवळ जावं, कधी मागे सरावं, खेळात दात किती लावावेत हे शिंगराला घोडंच शिकवू शकतं, आणि तेही वयाने मोठं. ते शिकवणं नीट घडावं यासाठी मालकाने काय करायचं आणि काय करायचं नाही, ते इथे क्रमाने मांडतो.

आधी घोड्यांचे इशारे ओळखायला शिका

स्थिरावलेल्या कळपात प्रकरण लाथेपर्यंत क्वचितच जातं, कारण लाथेच्या आधी बऱ्याच पायऱ्या असतात. आधी कान मागे जातात. मग नाकपुड्या आवळतात, ओठाच्या कोपऱ्याशी सुरकुती पडते. मग डोकं झटक्यात तुमच्या दिशेने वळतं, मान लांब होते. मागच्या बाजूने इशारा द्यायचा असेल तर शेपटी फटकारली जाते, पुठ्ठा वळतो, एक मागचा पाय उचलून तसाच धरला जातो. एवढं होऊनही समोरचा हलला नाही तरच दात किंवा लाथ. मुरलेलं घोडं पहिल्या पायरीलाच दोन पावलं सरकतं आणि विषय संपतो. शिंगराला यातलं काही कळत नसतं. ते सरळ चौथ्या-पाचव्या पायरीवर जाऊन आदळतं, एक चावा खातं आणि पुढच्या वेळी एक पायरी आधी थांबतं. शिकणं असं होतं.

शिंगराचं स्वतःचंही एक वागणं आहे, जे नवख्या मालकाला हमखास बुचकळ्यात टाकतं. मोठं घोडं जवळ आलं की शिंगरू मान पुढे काढतं, कान बाजूला पाडतं, ओठांचे कोपरे मागे ओढतं आणि तोंड भराभर उघडतं-मिटतं. कधी दातांचा आवाज येतो, कधी येत नाही. पहिल्या काही महिन्यांत हे खूप दिसतं आणि साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत जवळजवळ बंद होतं. "मी लहान आहे" असं सांगण्याची ही रीत, असं पूर्वी सरळ मानलं जाई. पण जबडा वाजवल्याने समोरच्याचा राग दरवेळी शमतोच असं निरीक्षणांत दिसलेलं नाही. दूध पिण्याच्या हालचालीशीही त्याचा संबंध जोडला जातो. अर्थ कोणताही घ्या, हे चावणं नव्हे. कुणी माणूस जवळ गेल्यावर शिंगराने जबडा वाजवला आणि त्याने थोबाडीत दिली, तर एका घाबरलेल्या पोराला मारल्यासारखं होतं.

तिसरी खूण प्रेमाची. दोन घोडी समोरासमोर उभी राहतात आणि एकमेकींची आयाळ संपते तिथला उंचवटा दातांनी हलके खाजवतात. फ्रान्समधल्या कामार्ग घोड्यांवर क्लॉडिया फे आणि जान द माझिएर यांनी केलेलं काम 1993 साली प्रसिद्ध झालं. नेमक्या या जागी खाजवलं की घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हे त्यात मोजून दाखवलं होतं. शिंगराला खाजवण्यातही मापाची गरज असते. जोरात दात लावले तर थोरली घोडी तिथून निघून जाते, आणि चावून खाजवण्यापेक्षा ओठ-दात हलके चालवले तर सोबत जास्त वेळ मिळते हे त्याच्या लक्षात येतं.

पहिले सहा महिने: आईचं राज्य

घोडी सुमारे अकरा महिने गाभण राहते. व्यायल्यावर शिंगरू साधारण तासाभरात उभं राहावं, दोन तासांच्या आत चीक प्यायला लागावं आणि तीन तासांत वार (गर्भाभोवतीचं वेष्टण) पडावी. यात उशीर झाला तर पशुवैद्यांना लगेच बोलवा, रीतभातीचं पुढे पाहता येईल.

पहिले काही दिवस आई इतर घोड्यांना शिंगराजवळ फिरकू देत नाही. हे तिला करू द्या. आई-लेकरू एकमेकांचा वास, आवाज ओळखायला शिकत असतात आणि त्यात तिसरं कुणी घुसलं तर गोंधळ होतो. जागा असेल तर आठवडाभर दोघांना वेगळ्या आवारात ठेवावं, मात्र बाकीची घोडी दिसतील अशा ठिकाणी. डोळ्याआड कोंडलेली घोडी उलट अस्वस्थ होते.

पहिलं वळण आईच लावते. पहिल्या आठवड्यात शिंगरू तासाला तीन-चार वेळा पितं आणि पिताना कासेला धडका मारतं. धडक जास्त जोरात बसली की आई पाय पुढे टाकून निघून जाते किंवा शिंगराच्या पुठ्ठ्यावर हलका दात लावते. पहिल्या वेताच्या घोडीने थोडं फार अंग चोरणं नेहमीचं, पण शिंगराला पिऊच देत नसेल किंवा खरोखर लाथा झाडत असेल, तर कास सुजली आहे का ते बघा.

या दिवसांत मालकाने करण्यासारखं एक सोपं काम आहे, आणि ते शिंगराला हात न लावता करायचं आहे. फ्रान्समध्ये सेव्हरीन आंरी आणि सहकाऱ्यांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात जन्मानंतरचे पहिले पाच दिवस रोज पंधरा मिनिटं फक्त आईला शांतपणे खरारा केला गेला. त्या घोड्यांची शिंगरं पुढे माणसाला कमी बुजत होती आणि स्वतःहून जवळ येत होती. आई माणसापाशी निवांत उभी राहते हे शिंगरू बघत असतं. जन्मल्या-जन्मल्या शिंगराला मिठ्या मारण्यापेक्षा, धरून-दाबून माणसाळवण्यापेक्षा ही वाट मला कितीतरी पटते.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून शिंगरू आईपासून लांब जायला लागतं आणि इतर घोड्यांची ओळख होते. शिंगरू आईची लीद खाताना दिसलं तर दचकू नका. पहिल्या दोन महिन्यांत हे सर्वसाधारण आहे, आतड्यात उपयोगी जिवाणू वसायला त्याचा हातभार लागतो असं मानतात. जंतनाशकाचं वेळापत्रक मात्र आईचं आणि शिंगराचं, दोघांचं सांभाळा. चरायचं कुठे, पाण्याला कुणाच्या मागून जायचं, पावसात पाठ कुठल्या दिशेला करायची, सगळं बघून-बघून चालतं.

आपल्याकडे हे सगळं आपोआप घडताना पाहायचं असेल तर धनगरांच्या भीमथडी घोड्या पाहाव्यात. पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगरच्या पट्ट्यात मेंढरांमागे फिरणाऱ्या वाड्यांवर, म्हणजे धनगरांच्या फिरत्या मुक्कामांवर, ओझं वाहायला या घोड्या असतात. राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या नोंदणीत आता भीमथडी ही स्वतंत्र जात आहे. त्यांची शिंगरं आईच्या अंगालगत चालत रस्ता, कुत्री, मेंढरांचा लोट, ओढ्याचं पाणी, नवा मुक्काम सगळं आईच्या आणि बाकीच्या घोड्यांच्या संगतीत पाहतात. त्यासाठी वेगळी शिकवणी कुणी घेत नाही, आणि तरी ओझं लादलेल्या आईपासून किती अंतरावर चालायचं हे त्या शिंगरांना चोख ठाऊक असतं.

शिक्षक घोडं कसं निवडावं

सगळ्यात जास्त डोकं इथे लावावं लागतं. नुसतं वय पुरत नाही. जे घोडं स्वतः एकटं वाढलं, तेही इशाऱ्यांच्या मधल्या पायऱ्या शिकलेलं नसतं. ते एक तर शिंगराला घाबरतं नाही तर थेट लाथ घालतं.

साधारण आठ वर्षांपुढचं, सुरुवातीची काही वर्षं कळपात काढलेलं, तब्येतीने धड घोडं बघा. शांत घोडी किंवा खच्ची केलेला घोडा दोन्ही चालतात. घोडी जागेची आणि खाण्याची शिस्त छान लावते. खच्ची केलेला घोडा नर शिंगराशी खेळायला उत्तम, कारण गुडघे चावणं, मानेला मान घासणं, दोन पायांवर उठणं हे नर शिंगरांचे आवडते खेळ बहुतेक घोड्यांना, म्हणजे माद्यांना, लवकर कंटाळवाणे होतात.

निवडलेल्या घोड्याची परीक्षा चाऱ्यावर घ्या. दोन ठिकाणी कडबा टाका, त्याला एका ढिगावर खाऊ द्या आणि त्याच्या ओळखीचं दुसरं घोडं तिथे येऊ द्या. त्याने कान मागे घेतले, दुसरं सरकलं, आणि ते पुन्हा खायला लागलं, तर हे घोडं कामाचं. ढीग सोडून ते दुसऱ्याच्या मागे आवारभर धावत गेलं, दुसरं लांब गेल्यावरही थांबलं नाही, तर नको. ढीगच सोडून देणारं, कुणीही हाकलावं असं घोडंही नको. शिंगरू त्याच्या डोक्यावर बसेल आणि त्याच्याकडून दादागिरीच शिकेल.

एका लोकप्रिय समजाबद्दल इथे सांगायला हवं. गव्हाणीच्या कडेला दात रोवून हवा ओढणाऱ्या घोड्याशेजारी शिंगरू ठेवलं तर तेही तसंच शिकतं, असं सर्रास म्हणतात. ही खोड नकलेने लागते असं संशोधनातून ठरलेलं नाही. खाणं आणि कोंडून ठेवणं ही तिची मोठी कारणं आहेत, त्यांच्याकडे पुढे येतो. भीती मात्र खरोखर पसरते. ट्रॅक्टर दिसला की उधळणारी घोडी शिक्षक म्हणून घेऊ नका, बाकी गुण कितीही असोत.

आणि घोडी नक्कल करतात तीही कुणाचीही नाही. जर्मनीत कोन्स्टान्झ क्रूगर यांच्या गटाने 2014 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एक घोडं दोरी ओढून खाऊचा खण उघडताना दुसऱ्यांना दाखवलं होतं. ते बघून शिकली ती प्रामुख्याने वयाने लहान, कळपात खालच्या मानाची घोडी. थोरली घोडी धाकट्याकडे पाहून शिकायला तयार नसतात.

जागा तयार करा

शिंगराने माघार घ्यायची म्हटली तर माघारीला जागा हवी. हा एकच नियम लक्षात ठेवला तरी निम्मे अपघात टळतात. आवाराचे कोपरे काटकोनी असतील तर तिथे आडवे वासे टाकून ते गोलसर करून घ्या, म्हणजे पळणारं शिंगरू कोंडीत सापडत नाही. काटेरी तार काढून टाका. तारेत अडकलेला शिंगराचा पाय आयुष्यभराचं नुकसान करून जातो. मोकळ्या शेडला दार एकच असेल तर निदान सुरुवातीला ती बंद ठेवा किंवा दुसरं दार पाडा. मोठी घोडी दारात उभी राहिली तर शिंगरू आत अडकतं.

चाऱ्याचे ढीग घोड्यांच्या संख्येपेक्षा एक-दोन जास्त, आणि ढिगांमध्ये आठ-दहा मीटर अंतर. पाण्याचा हौद दोन बाजूंनी गाठता यावा. दाण्याची चंदी एकत्र कधीच देऊ नका. चंदीवरून होणारी मारामारी ही शिकवण नव्हे, ती आपण ओढवून घेतलेली असते.

ओळख करून देणं

बाहेरून आणलेलं शिंगरू तीन आठवडे वेगळं ठेवा. बाजारातून आलेल्या जनावरासोबत ग्लँडर्स, स्ट्रँगल्स किंवा सर्रा यांसारखा रोग येऊ शकतो. ग्लँडर्स माणसालाही होतो आणि तो आढळला तर कायद्याने सरकारी यंत्रणेला कळवावा लागतो. त्याच्या तपासणीसाठी रक्ताचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडे जातो, ती व्यवस्था तुमच्या तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून होते. धनुर्वाताची लसही याच काळात पक्की करून घ्या. वेगळं ठेवायचं म्हणजे अंधारात कोंडायचं नाही. लांबून घोडी दिसावीत, आवाज ऐकू यावा.

मग पुढचा आठवडा मजबूत कुंपणाच्या दोन बाजूंना ठेवा. पहिल्या दिवशी नाकाला नाक लागेल, किंचाळी ऐकू येईल, पुढचा पाय आपटला जाईल. दोन-तीन दिवसांनी दोघं कुंपणालगत निवांत चरताना किंवा शेजारी उभी राहून डुलक्या घेताना दिसली की पुढे जायला हरकत नाही. तसं झालं नसेल तर आणखी थांबा. कॅलेंडरपेक्षा हे दृश्य महत्त्वाचं.

एकत्र सोडण्याच्या दिवशी थोरल्या घोड्याच्या मागच्या पायांचे नाल काढलेले असावेत. सकाळची वेळ घ्या, दोघांनाही आधी पोटभर चारा खाऊ घाला, आवारात ढीग आधीच टाकून ठेवा. शिंगराच्या तोंडावरची मोरकी काढा, ती कुठेतरी अडकते. दोर हातात धरून "भेट घडवायची" नाही. दोराने बांधलेलं शिंगरू मागे सरू शकत नाही, आणि मागे सरणं हेच त्याला पहिल्या दिवशी करायचं असतं. दोघांना सोडा आणि कुंपणाबाहेर या.

पहिली दहा-पंधरा मिनिटं पळापळ होईल. मग हुंगणं, पुन्हा थोडी पळापळ, मग खाणं. पहिल्या दिवशी दोन तास पुरेत, नंतर वेळ वाढवत न्या. रात्री एकत्र ठेवण्याची घाई आठवडाभर तरी करू नका. तीन-चार घोड्यांचा कळप असेल तर शिंगराची सगळ्यांशी एकदम गाठ घालू नका. आधी निवडलेल्या एका घोड्याशी जोडी जमू द्या, मग ती जोडी मिळून कळपात सोडा. शिंगराला कुणाच्या मागे उभं राहायचं ते तोवर कळलेलं असतं.

मध्ये कधी पडायचं

मालकाचा जीव इथेच वर-खाली होतो आणि नेमकी इथेच मोडता घालण्याची चूक होते. एक नेहमीचा प्रसंग घ्या. थोरली घोडी कडबा खातेय. शिंगरू सरळ तिच्या ढिगात तोंड घालतं. घोडीचे कान मागे जातात. शिंगरू खातच राहतं. घोडी डोकं झटकते. शिंगरू मान वर करून बघतं आणि पुन्हा खातं. मग घोडी त्याच्या मानेला किंवा पुठ्ठ्याला कडकडून चिमटा काढते. शिंगरू उडी मारून चार हात लांब जातं, जबडा वाजवत उभं राहतं. घोडी परत खायला लागते. थोड्या वेळाने शिंगरू तिच्याच बाजूला, पण तिच्या ढिगाला धक्का न लावता, उभं असतं.

या प्रसंगात तुम्ही काठी घेऊन धावलात तर दोन गोष्टी बिघडतात. घोडीला कळतं की शिंगरू जवळ असलं की माणूस अंगावर येतो, त्यामुळे पुढच्या वेळी ती इशारे न देता घाईत लाथ घालते. शिंगराला कळतं की इशाऱ्याकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं. घोडीच्या शिक्षेचं माप बघा: आधी सूचना, मग एकच फटका, आणि शिंगरू हटलं त्याच क्षणी राग संपला. मनात काही धरून ठेवलं नाही. अंगावरचे केस गेलेले, चामडी खरचटलेली एखादी जागा या काळात दिसतेच. हळद किंवा पशुवैद्यांनी दिलेलं मलम लावा आणि सोडून द्या.

मध्ये पडायचं ते यापेक्षा वेगळं दिसलं तर. शिंगरू हटल्यावरही पाठलाग थांबत नाही, दम लागून ते घामाघूम झालंय आणि थोरलं घोडं मान जमिनीलगत नेऊन मागे लागलंय. शिंगरू कोपऱ्यात अडकलंय आणि लाथा चालूच आहेत. पाण्यापाशी त्याला दिवसभर जाऊ दिलेलं नाही. लंगडतंय, सूज आहे, डोक्याला किंवा डोळ्याला मार आहे. किंवा काही ठळक दिसत नाही, पण दोन आठवड्यांत फासळ्या वर आल्यात आणि शिंगरू कायम कडेला एकटं उभं असतं. हे शेवटचं लक्षण लोकांच्या नजरेतून सुटतं. अशा वेळी आवारात शिरून दोघांच्या मध्ये उभं राहायचं नाही, तुम्हालाच लाथ बसेल. लांबून मोठ्याने हाक द्या, चाऱ्याची पाटी वाजवून थोरल्याला बाहेर काढा आणि जोडी बदला.

खेळ आणि भांडण वेगळं ओळखायची खूण कानांत आहे. खेळात कान पुढे-मागे फिरत राहतात, दोघं आळीपाळीने पळतात आणि पाठलाग करतात, मध्येच थांबून चरायला लागतात. भांडणात कान चिकटलेले राहतात आणि पळणारा एकच असतो.

दूध तोडताना

मोकळ्या कळपात घोडी आपल्या शिंगराला साधारण नऊ-दहा महिन्यांनी स्वतः तोडते, पुढच्या वेताच्या आधी. आपण चार ते सहा महिन्यांत, बऱ्याचदा एका दिवसात, दोर बांधून दोघांना वेगळं करतो. घाई नसेल तर थांबा. विकायचं असलं तरी सहा महिन्यांच्या आत तोडू नका, आणि घेणाऱ्यानेही त्याआधीचं शिंगरू घेऊ नये.

इंग्लंडमध्ये 225 शिंगरांवर चार वर्षं लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. दूध तोडताना तबेल्यात कोंडलेल्या शिंगरांत विचित्र खोडी जास्त निघाल्या, आणि तोडल्यावर दाण्याची चंदी सुरू केलेल्यांत दात रोवून हवा ओढण्याची खोड लागण्याचा संभव चौपट होता. आपल्याकडे दूध सुटलं म्हणून हरभऱ्याची चंदी वाढवतात आणि शिंगरू आत बांधतात, म्हणजे नेमकं उलट. हिरवा लसूणघास, चांगलं गवत, मोकळं आवार आणि दाणा लागलाच तर थोडा, हळूहळू वाढवत, असं करा.

आई गेल्यावर शिंगराने ओळखीच्या थोरल्या घोड्यासोबत राहावं. फ्रेंच संशोधकांनी 2012 साली दाखवलं की नुकत्याच तोडलेल्या शिंगरांमध्ये नात्यातल्या नसलेल्या दोन मोठ्या घोड्या ठेवल्या तर त्यांचं ओरडणं, आपापसातली मारामारी आणि लाकूड कुरतडणं कमी होतं. त्या घोड्यांना दूध नव्हतं. त्यांचं नुसतं तिथे असणं पुरलं. म्हणून बेत असा करा: दूध तोडण्याच्या निदान महिनाभर आधी शिक्षक घोडी आई-लेकरासोबत राहायला आणा. तोडण्याच्या दिवशी शिंगरू हलवू नका, आईला दुसरीकडे न्या. जागा तीच, सोबत ओळखीची, गेली फक्त आई. आईची कास दोन-चार दिवस ताठेल. ती पिळून मोकळी करायचा मोह टाळा, नाही तर दूध आटायला उशीर लागतो.

शिंगरं-शिंगरंच एकत्र ठेवली तर?

सोबत असते, पण शिस्त लागत नाही. एकाच वयाची चार नर शिंगरं एका आवारात वाढली तर एकमेकांना चावण्याची त्यांची मजल वाढत जाते, कारण "बस" म्हणणारं कुणी नसतं. मारी बुर्जाद आणि सहकाऱ्यांनी फ्रान्समध्ये एक आणि दोन वर्षांच्या घोड्यांच्या अशा गटांमध्ये मोठी घोडी सोडून पाहिली. ते काम 2008 साली प्रसिद्ध झालं. त्या गटांतली मारामारी घटली आणि जवळीक दाखवणारं वागणं वाढलं. पुढच्याच वर्षी प्रझेवाल्स्की जातीच्या घोड्यांवरच्या त्यांच्या अभ्यासात दिसलं की नुसती मोठ्यांची हजेरी पुरत नाही, मोठ्यांचं लहानांशी असलेलं प्रमाण महत्त्वाचं. मोठी घोडी जास्त तेवढी लहानांची दांडगाई कमी. पाच शिंगरांवर एक म्हातारी घोडी सोडली तर ती त्यांना वळण लावण्याऐवजी स्वतः पळत सुटेल. शक्यतो एका शिंगराला एक मोठं घोडं, फार तर दोघांना एक.

नर शिंगरू: वर्षाच्या आतबाहेर

एक वर्षाचं नर शिंगरू अजून पोरच दिसतं, पण साधारण बारा ते पंधरा महिन्यांत घोडी गाभण करण्याजोगं होऊ शकतं. मादी शिंगरूही दीड वर्षाच्या आसपास, कधी त्याआधी माजावर येतं. म्हणून वर्षाच्या सुमारास नरांना माद्यांपासून वेगळं काढावंच लागतं. इथे बहुतेक मालक त्याला साखळीने एकटं बांधून टाकतात, आणि लावलेलं सगळं वळण तिथे वाया जातं. मोकळ्या कळपातला तरुण नर दोन-तीन वर्षांचा झाला की आईच्या कळपातून निघून इतर नरांच्या टोळीत राहतो, एकटा राहत नाही. तुमच्याकडे तीच सोय खच्ची केलेल्या एका भारदस्त घोड्याने होते. त्याच्याशी दिवसातून दोनदा दंगा, मग शेजारी उभं राहून चरणं. पैदाशीसाठी ठेवायचा नसेल तर खच्ची करण्याबद्दल पशुवैद्यांशी वेळेत बोला. कळपात राहता येणं हा त्या घोड्याचा फायदाच आहे.

घरी एकच शिंगरू असेल तर

दुसरं घोडं परवडत नसेल तर पंचक्रोशीत कुणाकडे मोकळी घोडी आहेत ते शोधा आणि शिंगराला सहा महिने-वर्ष तिथे ठेवा. चाऱ्याचा खर्च द्या. नवरदेवाच्या घोड्या ठेवणाऱ्यांकडे, शर्यतीच्या घोड्यांच्या पैदास केंद्रांकडे कामातून उतरलेली शांत, थोरली घोडी असतात. त्यातलं एखादं तट्टू स्वस्तात किंवा नुसत्या सांभाळावर मिळू शकतं. गाढव चालेल का, असं विचारतात. एकटेपणा त्याने बराच हटतो, पण गाढवाचं खेळणं आणि इशारे घोड्यासारखे नसतात, शिवाय गाढवाकडून फुप्फुसातले जंत येऊ शकतात, म्हणून आधी जंतनाशक. शेळी किंवा म्हैस ही नुसती सोबत, शिक्षण नाही. आई मेलेल्या, बाटलीवर वाढलेल्या शिंगराची निकड सगळ्यात जास्त. त्याला माणूसच घोडा वाटायला लागतो आणि दीडशे किलोचं झाल्यावरही ते तुमच्यावर दोन पाय टाकून खेळायला बघतं. पशुवैद्यांनी ठीक म्हटलं की पहिल्याच महिन्यात त्याला शांत थोरलं घोडं दाखवा, आणि दूध शक्यतो हातातल्या बाटलीऐवजी टांगलेल्या बादलीतून द्या.

माणसाशी वागण्याचे धडे

घोड्यांमध्ये नीट वाढलेल्या शिंगराला माणसाशी वागणं शिकवणं सोपं जातं, पण ते आपोआप येत नाही. इशारा, मग एकदा ठाम कृती, आणि शिंगरू हटलं की लगेच सैल सोडणं, हे थोरल्या घोडीचं माप तुम्हीही वापरा. खांद्याने रेटलं तर बोटांनी छातीवर दाब द्या, एक पाऊल मागे गेलं की दाब काढा. हातातून गूळ भरवू नका, पाटीत द्या. आयाळीच्या शेवटच्या उंचवट्यावर खाजवा, हे बक्षीस त्याला गुळापेक्षा जवळचं वाटतं. पहिल्यांदा मोरकी घालणं, पाय उचलणं, गाडीत चढणं, सगळं शिक्षक घोडं शेजारी असताना करा, आणि आधी त्याच्यावर करून दाखवा.

शिक्षकाकडेही बघा

शिंगराच्या नादात थोरल्या घोड्याचे हाल होऊ देऊ नका. रोज काही तास त्याला शिंगरापासून सुटका हवी. कुंपणात फक्त मोठं घोडंच बाहेर पडेल असं दार ठेवता आलं तर फार बरं. त्याची चंदी वेगळी आणि निवांत झाली पाहिजे. पंधरा वर्षांपुढच्या घोड्याचे दात दरवर्षी तपासा. ज्याचे दात दुखतात किंवा सांधे धरलेत ते घोडं आखडतं, आणि कालपर्यंत नुसते कान पाडून भागवणारी घोडी अचानक लाथ घालायला लागली, तर शिंगराला दोष देण्याआधी तिचं तोंड आणि पाय तपासून घ्या.